साडेअकराचा तास

आमच्या फणसवाडीतल्या दोन खोल्यांत संध्याकाळी दोन आवाज बरोबरीने चालायचे. आत आई स्तोत्र म्हणत भाजी चिरायची आणि बाहेर अण्णा कॉलेजचं हजेरीचं मस्टर मांडीवर घेऊन गैरहजर मुलांचे नंबर पुटपुटायचे. दोघांची लय इतकी सारखी होती की लहानपणी मला वाटायचं, सतरा, तेवीस, एकतीस हेही कुठल्या तरी देवाचंच काही असणार. अण्णा माटुंग्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. आजोबा कारकून, पणजोबा कारकून, त्यामुळे अण्णा प्राध्यापक झाले तरी त्यांचा हात कारकुनाचाच राहिला. हजर असेल तर बारीक उभी रेघ, नसेल तर टिंब. रेघेला बाक नाही, टिंबाला डाग नाही. इतर मास्तर लोक हजेरीच्या बाबतीत सढळ होते. दोन-चार दिवस नाही आलं पोरगं, तरी सत्राच्या शेवटी एका बैठकीत सगळ्यांना हजर लावून मोकळे व्हायचे. अण्णांना हे खपत नसे. ‘उद्या हीच पोरं बँकेत आकडे ढकलतील,’ असं म्हणून ते आणखी एक टिंब काढायचे.

त्या वर्षी मी त्यांच्याच वर्गात होते. कॉलेजात त्यांना ‘सर’ म्हणायचं आणि घरी ‘अण्णा’, हे मला चांगलंच जमलं होतं. एकदा मात्र मी भर वर्गात ‘अण्णा’ म्हणाले आणि पुढे महिनाभर सगळा वर्ग त्यांना आपापसात अण्णाच म्हणत होता. मी अभ्यासात यथातथाच होते, पण भोचक पहिल्या नंबरची. कोणाच्या डब्यात काय आहे, कोण कुणाशी बोलत नाही, कोणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, सगळं मला माहीत असे. आई म्हणायची, ‘ही पोस्टात जायला हवी होती.’ तर असा माझा स्वभाव असूनही, माझ्या मागच्या बाकावर बसणाऱ्या जयवंतीबद्दल मला जवळजवळ काहीही माहीत नव्हतं, याचं आज नवल वाटतं.

एवढंच माहीत होतं की ती रे रोडच्या पलीकडून येते. लाकडाच्या वखारी संपल्या की खाडीला लागून एक लहानसा कोळीवाडा होता, तिथून. उंच, सावळी, केसांत अबोली, बोलणं तुटक. आणि तोंडी हिशेबात इतकी चपळ की अण्णांनी फळ्यावर बेरीज लिहून खडू खाली ठेवायच्या आत उत्तर मागून यायचं. पण ती यायची झुंडीने, जायची झुंडीने. आठ-नऊ दिवस सलग हजर, मग पाच-सहा दिवस पत्ताच नाही, मग पुन्हा पहिल्यासारखी हजर. मी एकदा विचारलं, ‘असतेस कुठे गं तू?’ ती म्हणाली, ‘घरी काम असतं.’ मी ‘बरं’ म्हटलं. घरी काम तर मलाही असायचं. आई मला रोज शेंगा सोलायला बसवायची. त्या तीन शब्दांत काय काय असू शकतं, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. भोचकपणालाही घरातल्या चार भिंती असतात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

अण्णांना मात्र ती टिंबं स्वस्थ बसू देईनात. कुठलीही गोष्ट ठरावीक अंतराने पुन्हा घडली की त्यांच्या डोळ्यांत चमक यायची, आणि इथे तर ती मस्टरच्या पानावर समोरच दिसत होती. त्यांनी आलेखाचा कागद आणला आणि जयवंतीची टिंबं त्यावर उतरवली. वार लावून पाहिले, जमलं नाही. तारखा लावून पाहिल्या, दर महिन्याला पुढेमागे होत होत्या. मध्ये रविवार आणि सुट्ट्या पडल्याने कोडं आणखीच चिघळलं. एके संध्याकाळी ते आत गेले आणि आईला खालच्या आवाजात काहीतरी म्हणाले. आमच्या घरात खालच्या आवाजात बोलणं म्हणजे मला आमंत्रणच. अण्णांचा अंदाज असा होता की पोरीला दर महिन्याची अडचण फार त्रासाची जात असावी. आमच्या घरात आई तेव्हाही चार दिवस बाजूला बसायची, तेव्हा ठरावीक दिवसांनी बाई दिसेनाशी होते याचा दुसरा अर्थ अण्णांना सुचणार कसा? आई म्हणाली, ‘अहो, महिन्यातून दोनदा?’ अण्णा कानापर्यंत लाल झाले. ‘तर मग फारच अशक्त असेल बिचारी,’ असं आईने ठरवून टाकलं.

अण्णा दयाळू होते, आणि दयाळू माणूस एकदा चुकीच्या वाटेला लागला की त्याला आवरणं कठीण. त्यांनी कॉलेजातल्या हिंदीच्या बाईंना गाठून, शब्द गिळत गिळत, मुलीशी बोलायला सांगितलं. बाईंनी जयवंतीला जिन्याखाली बोलावून बीट, खजूर आणि गिरगावातली एक डॉक्टरीण असा सगळा उपचार सांगितला. दुपारी जयवंती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘वसू, तुझ्या घरी माझ्यावर चर्चा चालते काय?’

‘नाही गं, अण्णांना फक्त काळजी…’

‘मला खजूर खायला सांगितलाय तुझ्या अण्णांनी!’ ती हसली, पण त्या हसण्याखाली राग होता. ‘मी दोन मणाची पाटी डोक्यावर उचलते, माहितीय? मला काय झालंय?’

तेव्हाही मी विचारायला हवं होतं, पाटी कसली, कुठे उचलतेस, कधी? मला लाज वाटत होती म्हणून मी वहीची पानं उलटत बसले.

आता मागे वळून बघताना हसू येतं. मीही पुढे आयुष्यभर कॉलेजात शिकवलं आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अधूनमधून नव्या प्राध्यापकांशी बोलायला मला बोलावतात. विषय ठरलेला, विद्यार्थ्यांमधली विविधता. पोरं हुशार असतात, मन लावून ऐकतात. गेल्या खेपेला एकाने फॉर्म दाखवला, त्यात विद्यार्थ्याचं माध्यम, प्रवर्ग, उत्पन्न, आईवडिलांचं शिक्षण अशी पंचवीस खणांची रांग. ‘मॅडम, यात आणखी काय टाकू?’ मी म्हटलं, ‘दुपारी साडेअकरा वाजता तुझ्या घरी काय चालू असतं, असा एक खण टाक.’ तो नम्रपणे हसला आणि त्याने लिहून घेतलं नाही. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

सत्र संपत आलं तशी डिफॉल्टर लिस्ट लावायची वेळ आली. ज्याची हजेरी कमी त्याचं नाव सूचनाफलकावर, आणि नाव लागलं की परीक्षेला बसता येत नसे, वर्ष वाया. जयवंतीची बाकीच्या विषयांत हजेरी मास्तरांच्या कृपेने भरली होती. एकट्या संख्याशास्त्रात, अण्णांच्या साडेअकराच्या तासाला, ती खूप कमी पडत होती. म्हणजे तिचं वर्ष अण्णांच्या एका सहीवर अडलं होतं. यादी सोमवारी द्यायची होती. अण्णांना झोप लागेना, जेवण जाईना, पण सही न करणं हेही त्यांना जमणार नव्हतं. नियमातून सूट फक्त तीन गोष्टींना होती, आजारपण, घरातलं मरण आणि खेळाची शिबिरं. ‘निदान डॉक्टरचा दाखला तरी आणायला हवा होता पोरीने,’ ते पुन्हा पुन्हा म्हणत.

त्या गुरुवारी एकादशी होती. आईच्या महिन्यातल्या दोन्ही एकादश्या आणि दोन्ही चतुर्थ्या कडक असायच्या. घरात दाण्याच्या आमटीचा आणि वऱ्याच्या तांदळाचा वास होता, रताळ्याचा कीस परतला जात होता, आणि खरं सांगते, मला उपासाच्या दिवशी जितकी भूक लागायची तितकी एरवी कधी लागली नाही. अण्णा आलेखाचा तो कागद ताटाशेजारी ठेवून बसले होते. आई वाढायला वाकली आणि तशीच थांबली.

‘ही त्या पोरीची टिंबं ना? सोळा तारखेला हजर दिसतेय.’

‘हो. मग?’

‘सोळाला संकष्टी होती. त्याच्या आधीचे सगळे दिवस गायब.’ आईने डाव ताटात टेकवला आणि बोट मागे सरकवलं. ‘आणि ही इथे हजर आहे ती एकादशीला. अहो, ही पोरगी माझ्या एकादशीनंतर जाते आणि चतुर्थीला उगवते! दर वेळी.’

अण्णा उष्ट्या हाताने उठले. आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून जमिनीवर पसरलं आणि पानं उलटत गेलो. आई तिथी वाचायची, मी टिंबं सांगायची, अण्णा खुणा करायचे. त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा, प्रतिपदा, द्वितीया. पुन्हा त्रयोदशी, चतुर्दशी, अमावस्या. एकही खूण चुकली नाही. चार महिने अण्णा इंग्रजी तारखांशी झगडत होते आणि उत्तर आईच्या उपासांच्या मधोमध बसलेलं होतं. आमटी थंड झाली. ‘पण पौर्णिमा-अमावस्येला असतं काय?’ मी विचारलं. आई म्हणाली, ‘मला काय ठाऊक? समुद्राला उधाण येतं म्हणतात.’ अण्णांनी कपाळावर हात मारला तो उष्टाच, आणि कपाळाला वऱ्याची शितं चिकटली. तसं वेंधळं आणि आनंदी मी त्यांना फार कमी वेळा पाहिलंय.

रविवारी आम्ही दोघं कोळीवाड्यात गेलो. त्या दिवशी चतुर्दशी होती. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि माशांच्या वासाची सवय नसल्याने दर दहा पावलांनी रुमाल काढत आणि कोणी बघेल म्हणून परत खिशात घालत. बंदरावर नुकत्याच होड्या लागल्या होत्या. चिखलापासून वरच्या फरशीपर्यंत बायकांची रांग, आणि फरशीवर बोंबील, करंदी, मांदेली यांचे ओले ढीग. जयवंती एका ढिगाजवळ उकिडवी बसून दोन्ही हातांनी मासळी निवडत होती. हात इतके भराभर चालत होते की मला कुठला मासा कुठे गेला हे दिसतही नव्हतं. तिच्याशेजारी तिच्यासारख्याच चेहऱ्याची, जरा थोराड बाई बसली होती. आम्हाला बघून जयवंती उठली नाही. उठता येणार नव्हतं, मासळी थांबत नाही.

‘सर, तुम्ही? बसा… बसायला काय देऊ इथे?’

‘राहू दे. तू काम कर.’ अण्णा एका पालथ्या पाटीवर टेकले. ‘पौर्णिमा-अमावस्येलाच होड्या येतात का?’

‘आमची डोल जाळी आहेत सर. पाण्याला ओढ असेल तरच मासळी जाळ्यात येते. उधाणाला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मेलेलं, तेव्हा बाबा लोक जाळी शिवतात. आणि इथे सगळा चिखल. पाणी भरल्याशिवाय होडी लागत नाय.’

‘पाणी कधी भरतं?’

‘तिथीची पाऊणपट करायची.’ तिने मान वर न करता सांगितलं. ‘आज चौदा. चौदाची पाऊणपट साडेदहा. त्याच्या थोडं पुढे-मागे. पुनवेला सव्वाअकरा. मग बिजेला दीड. आई दादरला विकायला बसते, मग निवडायला आम्ही दोघीच.’

पाऊणपट! आमच्या वर्गात मागच्या बाकावरून येणारी उत्तरं कुठे घोटून तयार झाली होती, ते मला एकदम कळलं. अण्णा बोटांवर मोजत होते. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यांचा तास साडेअकराचा. माटुंग्याच्या वर्गात ते खडू हातात घेऊन उभे असायचे, तेव्हाच इथे होडी टेकायची.

‘अगं, मग हे सांगायचं नाहीस का मला?’ अण्णांच्या आवाजात जवळजवळ तक्रार होती.

जयवंतीचे हात पहिल्यांदा थांबले. तिने शेजारच्या बाईकडे पाहिलं. ‘ताईने सांगितलं होतं, सर. ही शेवंती. तीन वर्षांपूर्वी तुमच्याच वर्गात होती. ती तुम्हाला बोलली, घरी काम असतं. तुम्ही बोललात, घरचं काम सगळ्यांनाच असतं. मग तिचं नाव लागलं फलकावर.’

शेवंतीने मान वर केली नाही. ती मांदेली निवडत राहिली. अण्णा तिच्याकडे बघत होते, आणि त्यांना ती आठवत नव्हती हे मला स्पष्ट दिसत होतं. त्यांच्यासाठी ती कुठल्या तरी जुन्या मस्टरमधली टिंबांची ओळ होती. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि पाठोपाठ स्वतःचाही, कारण तेच उत्तर मलाही मिळालं होतं आणि मीही ‘बरं’ म्हणून पुढे गेले होते. घरी येऊन अण्णांनी माळ्यावरून जुनी मस्टरं काढली आणि तिथी लावत बसले. शेवंतीची टिंबं जिथे असायला हवी होती तिथेच होती.

सोमवारी ते यादी न घेता प्राचार्यांकडे गेले. तिथे काय झालं ते त्यांनी घरी आईला सांगितलं, म्हणजे मलाही. प्राचार्य म्हणाले, ‘एवढं कशाला ताणता? आजारपणाचा दाखला लावा आणि संपवा.’ अण्णांनी पुन्हा बंदरावर जाऊन जयवंतीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘मी आजारी नव्हते सर. त्या दिवसांत मी सगळ्यांत जास्त काम केलंय. खोटं नाय लिहिणार.’ काटेकोर अण्णांना काटेकोर विद्यार्थिनी भेटली होती. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा प्राचार्यांकडे गेले आणि बुडालेले तास जादा घेऊन भरून काढायची परवानगी मागितली. ‘मग उद्या जो तो आपापलं कारण घेऊन येईल,’ प्राचार्य म्हणाले. अण्णा म्हणाले, ‘येऊ द्या ना. मला ऐकायचीच आहेत.’ प्राचार्यांनी पंधरा दिवस दिले.

भांगाच्या दिवसांत, रोज दुपारी चार वाजता, अण्णांनी जादा तास घेतले. फलकावर त्यांनी तारखेच्या शेजारी तिथीही लिहिली, त्यावरून स्टाफरूममध्ये त्यांची भरपूर चेष्टा झाली, भटजी म्हणून. पहिल्या दिवशी एकटी जयवंती असेल असं आम्हाला वाटलं होतं. आम्ही गेलो तर अकरा जण बसलेले. एक लालबागचा मुलगा आजारी वडिलांना रोज दुपारी इस्पितळात डबा न्यायचा. परळची एक मुलगी धाकट्या भावाला शाळेतून आणायची, कारण त्याला दिसत नसे. अण्णांनी त्या दिवशी फळ्यावर काही लिहिलंच नाही. एकेकाला विचारत गेले, तू केव्हा मोकळा असतोस, मग त्या वेळी घरी कोण असतं, आणि मग? चौकशा करायची सवय मला आईकडून आली असं मी समजत होते. त्या दिवशी अण्णाही तितकेच भोचक निघाले, फक्त तोवर त्यांनी ती सवय वर्गात वापरायचं धाडस केलं नव्हतं. जयवंतीचे तास भरले. यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं.

परीक्षेचं प्रवेशपत्र अण्णांनी स्वतः नेऊन द्यायचं ठरवलं. खरं तर ते कचेरीतून तिला मिळालंच असतं. मी बरोबर गेले. जयवंती आईला माल पोचवायला दादरला गेली होती. बंदरावर शेवंती एकटी बसून मासळी निवडत होती. तिने पदराला हात पुसून प्रवेशपत्र घेतलं, वर लिहिलेलं बहिणीचं नाव वाचलं आणि काळजीपूर्वक ब्लाऊजमध्ये ठेवलं. अण्णा तिच्यासमोर उभे होते. शेवटी ते म्हणाले, ‘तुला पुन्हा यायचं असेल तर मी फॉर्म…’

‘आता नाय सर. पोरगी लहान आहे माझी.’ ती सहज म्हणाली. मग तिने विचारलं, ‘पण एक सांगा ना. माझं नाव लागलं तेव्हा सरासरी शिकवून झाली होती. पुढे काय होतं हो?’

‘हे परीक्षेत येणार का’ एवढंच विचारणाऱ्या मुलांची अण्णांना सवय होती. ते तिथेच ओल्या फरशीवर, इस्त्रीच्या पँटने, मांडी घालून बसले.

‘पुढे विचलन होतं,’ ते म्हणाले. ‘म्हणजे बघ, या पाटीतल्या मांदेलीची सरासरी लांबी काढली. समजा बोटभर आली. पण बरोबर बोटभर अशी एकही मांदेली नसेल यात. कुणी लहान, कुणी मोठी. तर सरासरीपासून एकेक किती लांब आहे, ते मोजायचं.’

शेवंतीने पाटीतून दोन मांदेल्या उचलल्या, तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघितल्या.

‘म्हणजे एकेकीकडे बघायचं.’

‘हो.’

‘मग हा धडा पहिला घ्यायला पाहिजे होता ना, सर.’

‘हो,’ अण्णा म्हणाले. ‘चुकलं माझं.’